साडेनऊ टक्के

मुलगा परदेशी गेला की त्याला आपल्याच घरातल्या वस्तू इंटरनेटवर सापडायला लागतात. शेल्डनला टोरांटोत जाऊन चार वर्षं झाली आणि तिथे त्याला त्याच्या आजीची बरणी सापडली. वसई स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत मी त्याचं ईमेल छापून घेतलं, तर पत्र दोन ओळींचं आणि सोबत पाच पानं. कुठल्याशा जुन्या काळी लोक जव मोड आणून, वाळवून, खजूर घालून एक बिअर करायचे, गोड आणि जहाल, महिनोन् महिने मुरवायचे, आणि आता काही हौशी लोक ती पुन्हा घरी करायला लागलेत, अशी सगळी माहिती. चित्रात एक मातीचा रांजण होता आणि त्यात लांब नळ्या घालून दोन माणसं पीत बसली होती, अगदी निवांत, जणू त्यांना दुसरं काही कामच नाही. खाली शेल्डनने लिहिलं होतं, 'डॅडी, हे तर आजीचंच आहे. जानेवारीत माझ्या लग्नाच्या टेबलावर हेच पाहिजे. माझ्या पहिल्या कम्युनियनला तू केलं होतंस तसं कर.' आजीचं आहे म्हणाला, आणि पुढच्याच वाक्यात तू केलं होतंस म्हणाला. त्याच्या ध्यानीमनी काही नसणार. मी मात्र ती पानं हातात धरून कॅफेच्या पायरीवर उभा राहिलो. मागून कोणीतरी "अंकल, साईड" म्हणालं तेव्हा कुठे बाजूला झालो. रिक्षात बसल्यावर पानांची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आमचं पापडी गाव येईपर्यंत त्या कागदाला चोळून चोळून चिंधीची कळा आली होती.

आय त्याला नुसतं 'जवाचं' म्हणायची. जवाचं काढलंय, जवाचं मुरतंय, जवाच्याला हात लावू नका. नाताळच्या आधी दोन महिने ती जव भिजत घालायची, ओल्या गोणपाटात मोड आणायची, अंगणात वाळवून जात्यावर भरडायची. मग कोमट पाणी, गूळ, थोडा खजूर, आणि मागच्या वर्षीच्या बरणीच्या तळाचा घोटभर गाळ. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती कोठीच्या अंधारात ठेवायची आणि वर पवित्र पाणी शिंपडायची. बाळंतिणीला रोज वाटीभर मिळायचं, म्हणे दूध उतरतं. नाताळला पोरांना बोट बुडवून चाखायला. माझी आत्या मार्गारेट, जिने जन्मात दारूच्या ग्लासाला हात लावला नाही आणि नवऱ्यालाही लावू दिला नाही, ती जवाच्याची तिसरी वाटी मागून घ्यायची आणि मग गाणी म्हणायची. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. दारू म्हणजे गुत्त्यावर मिळते ती, तिखट, घशाला जाळणारी, बाटलीतली. हे गोड होतं, आयच्या हातचं होतं, वर पवित्र पाणी पडलेलं होतं. हे दारूत धरत नसत. आमच्या घरात किती गोष्टी कशात धरत नसत याची यादी केली तर मोठी होईल.

मी मात्र धरू शकत होतो, कारण माझा पगारच त्याचा होता. तेवीस वर्षं मी मुंबईत बिअरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी केली. काचेच्या नळकांड्यात बिअर ओतायची, हायड्रोमीटर सोडायचा, तो हेलकावे खाऊन स्थिर झाला की डोळा पाण्याच्या रेषेशी आणून आकडा वाचायचा, त्यावरून दारूचे टक्के काढायचे. चव घ्यायची आणि थुंकायची. तेवीस वर्षं मी थुंकलो. लोकांना वाटायचं वॉल्टर कारखान्यात असून पीत नाही, केवढा संयम. संयम कसला, नावड होती. पण आकड्यांचं मला वेड होतं. १९८६ साली शेल्डनचा पहिला कम्युनियन, चर्चमधला पहिला ख्रिस्तप्रसाद, ठरला, आयचे गुडघे तोवर गेले होते, तिने बरणी माझ्या ताब्यात दिली. मी तिची पद्धत चाळीस वर्षं पाहत आलो होतो, आणि मला त्यातली खोट काढावीशी वाटली. जव दुप्पट घेतला. गुळाचा अंदाज नाही, वजन केलं. तळाचा गाळ टाकून दिला आणि कारखान्यातून थर्मासमध्ये यीस्ट आणलं, जे मरतुकडं नव्हतं. तीन महिने मुरवलं. आयचं मी एकदा चोरून मोजलं होतं, ते जेमतेम चार टक्के भरलं होतं. माझं साडेनऊ भरलं. दोनदा मोजलं, साडेनऊच. आणि तरीही गोड, दाट, खजुराच्या पाकासारखं. मी कोठीत एकटाच हसलो. आयुष्यात मी स्वतः केलेली आणि मला खरोखर जमलेली ती एकच गोष्ट. कोणाला सांगणार? माझी बायको सालोमी शाळेतल्या वह्या तपासत होती, तिने चाखून "छान" म्हटलं आणि पुढची वही घेतली. आयने चाखलं आणि म्हणाली, "माझंच हाय." घरात या गोष्टीचं मोल कळेल अशी जीभ एकाचीच होती, माझ्या भावाची.

फ्रेडरिक माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. वाडी त्याने सांभाळली, केळी आणि पानवेली, आणि मी नोकरीला गेलो. तो प्यायचा. रोज, भरपूर, आणि पिऊन छान हसायचा, हे खोटं नाही. मग वाडीत पडून राहायला लागला. रोझलिन, त्याची बायको, पाचूबंदरची, मासळीच्या लिलावात वाढलेली, कोणाचं न ऐकणारी. तिने त्याला दोनदा विहिरीच्या काठावरून ओढून आणलं. आणि मग ८५ सालच्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून तो सरळ देवमातेच्या मूर्तीसमोर गेला आणि दारूला हात लावणार नाही म्हणून शपथ घेऊन आला. आणि पाळली. मला खरं सांगितलं पाहिजे, इथे तरी सांगितलं पाहिजे, की मला त्याचा आनंद झाला नाही. झाला, पण पहिले पंधरा दिवस. मग घरात दुसरा विषयच उरला नाही. आय ताटात पहिला तुकडा त्याला वाढायची. फादरनी सणाच्या मिरवणुकीत पुढचा क्रूस धरायचा मान त्याला दिला. लोक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, तुझ्या भावाने कमाल केली. मी कधी प्यायलोच नव्हतो, त्याची कमाल कोणाला वाटली नाही. पडून उठलेल्या माणसाला टाळ्या असतात. सरळ चालणाऱ्याकडे कोण बघतो? हे मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं. आज त्याची लाज वाटते, आणि आजही ते खरं वाटतं.

कम्युनियनच्या दिवशी अंगणात मांडव होता. शेल्डन पांढऱ्या सुटात, हातात मेणबत्ती, चेहरा संतासारखा करून फिरत होता. मी काचेच्या ग्लासांतून जवाचं वाढत होतो आणि लोक वा वा करत होते, आयची वा वा. फ्रेड एका कडेला लिंबू सरबत घेऊन बसला होता, पांढरा शर्ट, नीट पाडलेला भांग. मी त्याच्यासमोर ग्लास घेऊन गेलो. त्याने मान वर केली. "हे आयचं?" मी म्हणालो, "आयचंच." खाटेवरून आय म्हणाली, "घे की रं, ते काय दारू हाय?" त्याने एक घोट घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. माझ्या कारखान्यातल्या साहेबांनाही तसा घोट घेता येत नव्हता. मग गिळला, डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "वॉल्टर, हे आयच्या वरचं हाय." एवढंच. मी तीन महिने ज्याची वाट पाहत होतो ते एक वाक्य. आणि त्याने ग्लास संपवून पुढे केला. सतरा वर्षं मी त्या पुढे केलेल्या हातावर जगलो. त्याला कळलं होतं, त्याच्या जिभेला कळलं होतं, म्हणजे त्याने जाणूनबुजून घेतलं, म्हणजे मी कोण? पण ग्लास भरताना माझ्या डोक्यात साडेनऊ होतं, आणि दुसरा भरताना होतं, आणि तिसरा भरताना मी हिशेब केला की तीन ग्लास म्हणजे गुत्त्यावरची एक क्वार्टर, थोडी कमी. हिशेब करूनही भरला. बघू तरी, किती टिकतो, असं काहीतरी मनात होतं. त्याला नाव देता येईल. मी दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रेड गुत्त्यावर दिसला. लोकांनी हळहळ केली, नशीब म्हणाले, सवय म्हणाले, कोणी रोझलिनचं तोंड फटकळ म्हणाले. जवाच्याचं नाव कोणी घेतलं नाही. कसं घेणार, ते दारूत धरतच नव्हते. ८९ च्या पावसाळ्यात त्याचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले आणि तो गेला. शेवटच्या आठवड्यात मी त्याच्याजवळ बसायचो. तो एकदाच म्हणाला, "ती बरणी पुन्हा लावलीस का रं?" मी नाही म्हणालो. तो मान वळवून पडला. त्याला ती हवी होती की तो मला माफ करत होता की शिवी देत होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आय त्यानंतर दोन वर्षांनी गेली. बरणी रोझलिनकडे गेली, लोणच्याला. पुन्हा लाव म्हणून मला कोणी म्हणालं नाही आणि मी लावली नाही. इथवर सगळं बरं चाललं होतं.

ईमेल आल्यापासून आठवडाभर सालोमी रोज विचारत होती, करणार की नाही. तिला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी प्रश्न शाळेतल्यासारखाच विचारते, उत्तर येईपर्यंत समोरून हलत नाही. "मुलगा एक गोष्ट मागतोय. तुला येते. वेळ आहे. अडचण काय?" मी म्हणालो, बघू. म्हणालो, जव चांगला मिळत नाही. म्हणालो, हात विसरला असेल. रात्री कूस बदलत मी मनात बरणी लावायचो आणि मोडायचो. कमी काढावी, आयसारखी चारची, म्हणजे कोणाला काही होणार नाही. पण मग ती माझी नव्हे. आणि साडेनऊची काढली तर मांडवात बसलेल्यांपैकी कोणी शपथ घेतलेला असेल, कोण जाणे, आणि त्याला कोणीतरी म्हणेलच, घे रे, ते काय दारू आहे? आणि सगळ्यांत खाली, गाळासारखं, हेही होतं की मला ती पुन्हा करायची होती. त्या पानांवरचं वाचताना माझी बोटं शिवशिवली होती. यात कसली लाज धरायची आणि कसली नाही हेच मला ठरवता येत नव्हतं. सालोमीने माझी वाट पाहिली नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्साला तिने रोझलिनला सांगून टाकलं.

आणि शनिवारी सकाळी रोझलिन आली. ऑक्टोबरचं ऊन अंगणात भक्क पडलं होतं, सालोमी बाजारात गेली होती. रोझलिन साठीची झाली तरी टोपली डोक्यावरूनच आणते. तिने ती माझ्या पायाशी उतरवली आणि वरचं ओलं गोणपाट बाजूला केलं. जव होता. मोड आलेला. दाण्याएवढा मोड, न कमी न जास्त, पांढरा स्वच्छ. मी नकळत बोट घातलं. आत कोमट होतं, जिवंत धान्याची ऊब.

"सहा दिस झाले," ती म्हणाली. "सालोमीनं सांगितलं तवाच भिजत घातला. तू जव मिलत नाय म्हनतो ना. आता आज वालवला नाय तर फुकट जाईल."

"वहिनी, कशाला एवढं केलंत?"

"शेल्डनसाठी. आनि माझ्यासाठी पन." ती ओट्यावर टेकली. "तुला एक सांगते वॉल्टर. त्यांनी शेवटचं सुखानं जे प्यालं ना, ते तुज्या हातचं. कम्युनियनच्या दिशी. घरी आले ते हसत आले. दीड वर्सानं हसले. आनि मी काय केलं? माझ्या भावाला मागच्या बाकावर बसवला म्हनून त्यांच्याशी भांडले. म्हनले, तू प्यायचास तवा बरा व्हतास, निदान मानसात तरी व्हतास. शपथ घेतलेल्या मानसाला मी असं बोलले. दुसऱ्या दिशी ते गेले गुत्त्यावर." ती जवावरून हात फिरवत होती. "लग्नात तुजं जवाचं असलं ना, तर एक ग्लास त्यांच्या फोटोपुढं ठेवीन म्हनते. माफी मागीन."

मी अंगणात चादर पसरली आणि टोपली उपडी केली. दोघं मिळून हाताने जव पांगवू लागलो, बोटभर जाडीचा, आय करायची तसा. मला वाटतं मी काहीच बोललो नसतो. सतरा वर्षांची सवय होती. पण ती समोर वाकून इतक्या मायेने एकेक गठळी मोकळी करत होती की मला एकदम थकवा आला. दया आली असं म्हणालो तर ते खोटं होईल. फार दिवस एक जड वस्तू एकाच हातात धरली की जसा हात भरून येतो, तसं झालं.

"वहिनी, त्या दिवशी फ्रेडला मी दिलं ते आयच्या मापाचं नव्हतं."

"मंग?"

"माझं होतं. कारखान्याचं यीस्ट घातलेलं. साडेनऊ टक्के."

"म्हंजे किती?"

"बाजारातल्या बिअरच्या दुप्पट. तीन ग्लास घेतले त्याने. म्हणजे जवळजवळ एक क्वार्टर."

तिचे हात जवावर तसेच राहिले. कावळा चादरीच्या कोपऱ्यावर उतरला, तिने त्याला हाकललं नाही.

"तुला तवा म्हाईत व्हतं?"

"मोजलं होतं मी."

"आनि त्यांना काय सांगितलं?"

"आयचंच आहे म्हणालो."

मला वाटलं ती ओरडेल. पाचूबंदरची बाई, ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, लुगड्याला चिकटलेले दाणे एकेक करून काढून परत चादरीवर टाकले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सतरा वर्सं दर उपासाच्या दिसांत मी फादरसमोर गुडघं टेकून तुजं पाप सांगत आले, वॉल्टर. आनि फादर मला माफी देत व्हते."

मी चादरीचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"आता कर," ती म्हणाली. "करच तू. पन मांडवात कोनाच्या हातात ग्लास द्यायच्या आधी उभा राहून सांग, किती टक्के हाय. आनि तवा किती व्हतं ते पन सांग, सगल्यांच्या समोर. नाय सांगायचं तर नको करू." तिने रिकामी टोपली उचलली. "जव ऱ्हाऊ दे. माझ्या काय उपेगाचा हाय आता?"

ती फाटकातून गेली आणि मी जव परतू लागलो. परतायलाच हवा, दर तासाला, नाहीतर खालून आंबतो. बारा वाजता परतला, एकला परतला. सालोमी आली, चादर बघून खूश झाली. "अगंबाई, ठरलं म्हणजे," असं म्हणून मासे धुवायला गेली. मी दोनला परतला. परतताना मी मांडवात उभा राहून बोलून पाहिलं. माझ्या मुलाच्या लग्नात, बँडवाले थांबलेत, व्याही पुढच्या रांगेत बसलेत, आणि मी सांगतोय, बंधुभगिनींनो, साडेनऊ. कसंही बोललो तरी तोंडातून आकडाच निघत होता, त्यापुढचं वाक्य येत नव्हतं. आणि न सांगता केलं तर समोर रोझलिन बसलेली असणार. एक दाणा तोंडात टाकून चावला. गोड लागला. उत्तम मोड आणला होता तिने, आयने आणला असता तसा. याची बिअर फार सुंदर झाली असती.

सहाला टोरांटोहून फोन आला. सालोमीने बोलून रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि स्वतः बाहेर चादर गोळा करायला गेली, दव पडेल म्हणून.

"डॅडी, मग? लावतोयस ना आजीची बिअर?"

"नाही जमणार रे," मी म्हणालो. "जव भिजत घातला होता. उगवलाच नाही. हल्लीचं बियाणं म्हणजे..."

मला वाटलं तो हट्ट धरेल. तो लहानपणी फार हट्टी होता. मी पुढची तीन कारणं तयार ठेवली होती.

"अरे, ठीक आहे," शेल्डन म्हणाला. "नुसती आयडिया होती. आपण वाईन मागवू. बरं, बँडचं काय झालं?"

बँडचं मी त्याला सगळं सांगितलं. फोन ठेवून वळलो तर दारात सालोमी उभी होती. तिच्या तळहातावर चार दाणे होते, पांढऱ्या मोडांचे. तिने ते बोटाने पसरवून पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"उगवलाय की," ती म्हणाली.

"कोंबड्यांना घाल."

ती हलली नाही. उत्तर येईपर्यंत ती हलत नाही. मी खुर्ची ओढून बसलो, टेबलावरची ती चुरगळलेली पानं सरळ केली, रांजणाशी बसलेली ती दोन माणसं अजून पीतच होती.

"एवढं करून आणलं तिने," सालोमी म्हणाली. "रोझलिनला काय सांगायचं मग?"

"तिला माहीत आहे," मी म्हणालो.